पालथ्या वाट्या

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी रविराजना कंपनीला माल पुरवणाऱ्या कुणीतरी नव्या वर्षाची भेट म्हणून दिली होती. दरवर्षी एक येते आणि दरवर्षी कपाटात कोरीच राहते. यंदा मी घेतली. त्यांना पेन धरवत नाही आणि मला कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही. तोंडाने मी नवऱ्याचं नाव घेत नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण इथे घेणार. डायरीला काय कान असतात?

नऊ जानेवारीला पहिल्या शिफ्टला त्यांचा उजवा हात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडला. दोन बोटं गेली, दोन शिवली, अंगठा वाचला. प्रेसने डबल मारलं म्हणतात, म्हणजे एकदा दाबलं आणि तो आपोआप दोनदा खाली आला. जुनं भंगार मशीन! त्या कंपनीला माणसाची पडलेलीच नाही. मी रोज सकाळी दिवा लावताना त्या मशीनला शिव्या देते. देवाला ऐकू जात असेल तर जाऊ दे.

आज डॉक्टरांनी हात पाहिला. म्हणाले, "जखम भरली. पण शिवलेली बोटं आता कामाला लावायला शिकवावी लागतील. अपघातापासून तीन महिने धरा, त्यातला एक जवळजवळ गेला. पुढे बोटं आखडली की लाकूड होतात, मग मी काही करू शकणार नाही." चिठ्ठीवर लिहून दिलं: ऑक्युपेशनल थेरपी.

मी ती चिठ्ठी खाली औषधाच्या दुकानात दिली. त्याने उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, हे औषध नाही, हे माणूस आहे. आणि ते इकडे मिळत नाही."

६ फेब्रुवारी, गुरुवार

चाकणला एका फिजिओकडे गेलो. तो म्हणाला, तेही आम्हीच करतो. तीन दिवस वीस-वीस मिनिटं करंट दिला, गरम मेणात हात बुडवला. आज मी विचारलं, "ह्यांना घास कधी धरता येईल?" तर म्हणाला, "ते वेगळं असतं, ताई." मग आधी सांगायचं ना मेल्या! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तीन दिवस गेले ते गेलेच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारभर फोन लावले. मोबाइलवर शोधलं की पिंपरी-चिंचवडमध्ये भरपूर नावं येतात. हुरूप आला. पण पहिलाच प्रश्न, "बाळ किती वर्षांचं आहे?" मी म्हटलं, चौतीस. पलीकडची मुलगी हसली, मग सॉरी म्हणाली. दुसरीकडे तेच. तिसरीकडे तेच. बोलायला उशीर लागणारी, एका जागी न बसणारी मुलं, ह्या सगळ्यांसाठी माणसं आहेत. कामगाराच्या हातासाठी नाही. एवढ्या मोठ्या कारखान्यांच्या गावात! इथे दर गल्लीत एकतरी माणूस सापडेल ज्याचं बोट कमी आहे. ते सगळे गेले कुठे? गावी गेले असतील, नाहीतर गेटवर वॉचमन झाले असतील. पुण्यात आहेत म्हणे, पण चाकणजवळच्या आमच्या महाळुंग्याहून पुण्याला आठवड्यातून तीनदा जाणं म्हणजे वेगळी नोकरीच.

अकरावा फोन संत तुकाराम नगरला लागला. अरुंधती मॅडम. त्याही मुलांचंच करतात. पण फोन ठेवला नाही. म्हणाल्या, "हाताचं काम मी शिकलेय, ताई. पण पेशंटच येत नाहीत, सगळे मध्येच कुठेतरी अडकतात. शनिवारी दोन ते तीन माझी मुलं नसतात, तेव्हा आणा."

घरात सांगितलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बीडकडच्या गावाहून आल्यात त्याला महिना झाला. त्या तेव्हा रविराजना वरण-भात भरवत होत्या. रविराज पहिल्या आठवड्यात डाव्या हाताने जेवायला बसले होते, तर आत्याबाईंनी ताटच ओढून घेतलं. "डाव्या हातानं अन्नाला शिवायचं न्हाई. म्या मेले का अजून?" तेव्हापासून सकाळी त्या भरवतात, संध्याकाळी मी. आम्हाला मूल नाही. आत्याबाईंना नातवाची फार हौस होती, ती आता लेकावर भागवतात.

मी मात्र खरं लिहीन. मलाही वाईट वाटत नाही. सात वर्षांत हा माणूस ओव्हरटाइम सोडून घरी कधी बसलाच नव्हता. आता घास घेतात तेव्हा माझ्याकडे बघावंच लागतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मालोजी येऊन गेला. ह्यांच्याच गावचा, ह्यांच्याच ओळखीने लागलेला. आता ह्यांच्या प्रेसवर तोच आहे. "दादा, टार्गेट लई वाढवलंय राव, पण निघतंय," म्हणाला. रविराज म्हणाले, "मालोजी, ती बटणं..." आणि माझ्याकडे पाहून थांबले. मी म्हटलं, "बोला की, त्या मशीनची तक्रार करायला सांगा त्याला! परत डबल मारलं म्हणजे?" रविराज म्हणाले, "चहा टाक."

टाकला. मशीनचा विषय काढला की ते असेच गप्प होतात. मनाला लागलंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

साडेअकराला निघालो तरी चाकणच्या चौकात बस पाऊण तास जागची हलली नाही. कंटेनरमागे कंटेनर. पुढे मोशीला तेच. रविराजनी हात रुमालात गुंडाळून शर्टात खुपसला होता. शेजारचा माणूस म्हणाला, "भाऊ, लागलंय का?" तर म्हणाले, "खाज येते." एवढ्या गर्दीत, एवढ्या उकाड्यात, ते खिडकीच्या गजाला टेकून बसले होते आणि मला वाटलं आता हे कधीच ह्या बसमधून उतरणार नाहीत, मीही नाही.

पोचलो तर तीनला दहा कमी. मॅडमनी दहाच मिनिटं दिली. तिथे सगळ्या खुर्च्या निळ्या, वीतभर उंचीच्या. रविराज बसले तर गुडघे हनुवटीला लागले. भिंतीवर हत्ती, छताला झोका. मिशीवाला माणूस तिथे इतका केविलवाणा दिसत होता की मला हसूही आलं आणि रडूही.

मॅडमनी हात हातात घेऊन पाहिला. किळस नाही, अरेरे नाही. भाजी निवडावी तसा पाहिला. "कसं झालं?"

"डबल मारलं."

"दोन हातांनी दाबायची बटणं असतात ना त्या प्रेसला? दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय खाली येत नाही, असं ऐकलंय."

रविराजनी रुमाल उचलून हात परत गुंडाळायला घेतला. मॅडमना काय कळतंय प्रेसमधलं! मशीन बिघडलं की बिघडलं. पण बाई भली वाटली. म्हणाल्या, तुम्ही शनिवारी लवकर निघा, मी तासभर जास्त थांबेन. आणि मला सांगितलं, एक दिवस बसून लिहा, दिवसभरात रविराज स्वतः काय करतात आणि तुम्ही काय करता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विशेष काही नाही. मी गच्चीवर कपडे वाळत घालून येईपर्यंत त्यांनी स्वतःच शर्टाच्या तीन गुंड्या लावल्या होत्या, त्याही एक काज सोडून. एक बाजू वर, एक खाली. मी सगळ्या काढून नीट लावून दिल्या. दोन मिनिटांचं काम. वायरिंगच्या कंपनीत, जिथे आम्ही गाड्यांच्या वायरांच्या जुड्या बांधतो, तिथे माझा हात लाइनवर सगळ्यांत चलाख होता. माझी मैत्रीण पूनम अजून सांगते.

त्यानंतर दिवसभर बोलले नाहीत. दुखण्याने माणूस चिडचिडा होतो म्हणतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

यादी नेली. चांगल्या स्वच्छ अक्षरात दोन रकाने आखून. माझ्या बाजूला: दात घासून देते, आंघोळ, दाढी, कपडे, जेवण (आत्याबाईंसह), पाणी, केस, चप्पल, मोबाइल धरते, पांघरूण. मला वाटलं मॅडम म्हणतील, किती करता हो!

मॅडम दुसरा रकाना बघत होत्या. तो कोरा होता. "रविराज, तुम्ही काय करता?"

ते म्हणाले, "झोपतो."

मॅडम माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "विजयश्रीताई, माझ्याकडे हा हात आठवड्यातून दोन तास. तुमच्याकडे सात दिवस. मी मणी ओवून घेईन, चिमटे लावून घेईन. पण माणसाचा हात कामाने सुटतो, आणि ह्या घरात त्याच्यासाठी कामच शिल्लक नाही. आजपासून जेवताना तुम्ही दोघींनी हात लावायचा नाही. सांडू दे, तासभर लागू दे. उपाशी उठले तरी चालेल."

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं. सोळा-सतरा तास राबते मी. नोकरीवर पाणी सोडलं. आणि ही सांगणार, तुमच्यामुळे! हिने सासूला भाकरी थापून घातली असती म्हणजे कळलं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

हात लावला नाही. रविराजनी उजवा हात ताटात घातला. भाकरीचा तुकडा अंगठा आणि करंगळीत धरला, पडला. पुन्हा धरला, पडला. पिठलं बनियनवर. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. "कामून छळ करता गं माझ्या लेकराचा?" आठव्या का नवव्या वेळी रविराज ताट सारून उठले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी कुस्करली आणि भरवली. दहा मिनिटांत जेवण झालं, घर शांत झालं. मॅडमना काय, फोनवर सांगायचं, करतात थोडं थोडं.

१ मार्च, शनिवार

मॅडमना सांगितलं, करतात थोडं थोडं. त्यांनी कंपासपेटीतल्यासारखं एक कोनमापक काढलं आणि बोटं मोजली. पंधरा दिवसांपूर्वी जेवढी वळत होती त्याहून एक रेघ कमी. मॅडमनी ते वहीत लिहिलं, मग पेन ठेवलं.

"भरवताय ना?"

मी म्हटलं, नाही हो. रविराज माझ्याकडे बघत होते. ते खोटं पाडतील असं वाटलं, पण काही बोलले नाहीत. हे सगळ्यांत वाईट.

येताना चौकात पुन्हा अडकलो. अर्धा तास झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम आपल्याला सोडून देतील." मी म्हटलं, "नाही सोडणार." ते म्हणाले, "सोडावं. दुसऱ्या कुणाचा हात तरी बरा होईल."

मी रागावले. ह्यांच्यासाठी जीव काढते आणि हे असं बोलतात.

५ मार्च, बुधवार

पूनमचा फोन. पूनम माझ्याच लाइनवर असते, ती आणि मी एकाच दिवशी लागलो. "विजू, सतरा तारखेपर्यंत जागा धरून ठेवतेय. सुपरवायझर रोज विचारतोय. येतेस की नाही, एक सांग."

मी म्हटलं, कसं येऊ? ह्यांचं सगळं मलाच करावं लागतं. फोन ठेवल्यावर ते वाक्य मला दुसऱ्याच कुणाचं वाटायला लागलं. वर तिसरा मजला, दोन खोल्या, एक खिडकी. आत्याबाई माझ्यावर डोळा ठेवून, मी ह्यांच्यावर डोळा ठेवून आणि हे भिंतीवर डोळा ठेवून. कोण कुणाला सांभाळतंय तेच कळेनासं झालंय. अपघात एकाचा झाला आणि अडकलो तिघं.

हे लिहून बरं वाटत नाही, पण खोटं लिहायला डायरी कशाला?

८ मार्च, शनिवार

मॅडम आज मला आत यायलाच देईनात. मी बाहेर बसले. तासाभराने दार उघडलं तर रविराजच्या पुढ्यात ताट, ताटात तांदूळ, तांदळात राजमा, आणि शेजारच्या वाटीत सतरा दाणे काढलेले. सतरा! मॅडम म्हणाल्या, "बघा. तुम्ही नसलात की होतं." सहज म्हणाल्या, वाईट हेतूने नाही. मला कानफटात बसल्यासारखं झालं.

बसमध्ये रविराज शर्टातून हात काढून बसले होते. रुमाल कुठे गेला, विचारलं. म्हणाले, राहिला तिथे.

९ मार्च, रविवार

आज दोनदा लिहितेय. सकाळी भाजी आणि दुधाचं लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. दुपारचं लिहायचंय.

जेवायला बसायच्या आधी रविराज स्वयंपाकाच्या ओट्याशी गेले. डाव्या हाताने मांडणीतून दोन स्टीलच्या वाट्या काढल्या आणि मी बसते तिथे जमिनीवर पालथ्या मांडल्या. एकमेकींपासून हातभर लांब. मागे सरून पाहिलं, पुन्हा थोड्या सरकवल्या.

"हे काय?"

"बस. दोन्ही तळहात ह्यांच्यावर ठेव. दाबून." आवाज कंपनीतला होता. सात वर्षांत तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, कारण मी कंपनीत कधी नव्हते. "प्रेसला अशीच दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणावर असतील तोवर मशीन चालतं. एक उचलला की बंद. तू हात उचललास की मी जेवायचं बंद करणार. आख्खा दिवस."

आत्याबाई म्हणाल्या, "काय येडंपण लावलंय?" तर त्यांच्यापुढेही दोन पेले पालथे ठेवले. "माय, तू पण." त्या आधी रागावल्या. मग लेकाचं तोंड पाहिलं आणि ठेवले हात.

तर आम्ही दोघी, सासू आणि सून, वाट्या-पेल्यांवर हात दाबून बसलेल्या, आणि समोर ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. कुणी दारातून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ह्या घरात काय अंगात आलंय!

पहिला तुकडा मोडलाच नाही. अंगठा आणि शिवलेली बोटं भाकरीवरून घसरत होती. दुसऱ्या वेळी भाकरी ताटाबाहेर गेली आणि माझा उजवा हात आपोआप वर आला.

"हात."

त्यांनी स्वतःचा हात मांडीवर ठेवला आणि थांबले. मी परत ठेवला. ते परत सुरू झाले. असं तीनदा झालं. आत्याबाईंचा हात मात्र एकदाही हलला नाही, त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

चौथ्या वेळी तुकडा तुटला. वेडावाकडा, मोठा. तो भरतात बुडवताना ते ताटाकडे बघतच म्हणाले, "डबल-बिबल काही मारलं नाही प्रेसने."

मला आधी कळलंच नाही.

"एका बटणात मी वॉशर अडकवून वरून टेप लावली होती. एकाच हाताने दाबायचं, दुसऱ्या हाताने माल सरकवायचा. टार्गेट निघतं. सगळेच करतात. मालोजीला मीच शिकवलं."

दोन महिने. रोज सकाळी मी दिव्यापुढे त्या मशीनला शिव्या दिल्या आणि हे ऐकत होते. प्रत्येक घास मी भरवला आणि हे गिळत होते. मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. आणि त्यांना छातीशी धरावंसंही वाटलं, त्याच क्षणी. पण हात वाट्यांवर होते. मी एक उचलला असता तर तो घास खाली गेला असता.

मी दाबून ठेवले.

घास तोंडापर्यंत गेला. अर्धा सांडला, अर्धा गेला. त्यांनी चावला, गिळला आणि पुढच्या तुकड्याला हात घातला. मी विचारलं, "मालोजी?"

"सकाळी फोन केला. टेप काढ म्हटलं. चिडला. टार्गेटचं काय म्हणाला. शेवटी म्हटलं, माझा हात बघायला ये, मग ठरव."

अर्धी भाकरी खाल्ली. पाऊण तास लागला. उठताना माझ्या दोन्ही तळव्यांवर वाटीच्या बुडाचे गोल उमटले होते. आत्याबाईंनी उठून जमीन पुसली. मला वाटलं लेकाला बोलतील. फक्त एवढं म्हणाल्या, "भाकरी जाड थापली व्हती म्या. उद्या पातळ थापते."

१५ मार्च, शनिवार

कोनमापक दोन रेघा पुढे. मॅडम म्हणाल्या, पूर्वीसारखा हात होणार नाही, हे आताच सांगते. पण कामाचा होईल. वाट्यांचं सांगितलं तर खूप हसल्या, मग म्हणाल्या, "हे मी माझ्या मुलांच्या आयांनाही सांगू का?" रविराज म्हणाले, "सांगा. पण आधी त्यांना समजवा, अवघड जातं." माझ्याकडे न बघता म्हणाले.

कंपनीत अपघाताच्या चौकशीत त्यांनी काय खरं ते सांगायचं ठरवलंय. पुढे काय होईल माहीत नाही. भीती वाटते. पण आता घरात तरी ते सगळ्यांना सारखंच माहीत आहे.

१७ मार्च, सोमवार

पहिली शिफ्ट. सव्वासहाला कंपनीची बस खाली येते. काल पूनमला फोन केला तेव्हा ती किंचाळली.

मी चप्पल घालत होते तेव्हा रविराज आतून शर्ट घालून आले. त्यांना मला फाटकापर्यंत सोडायला यायचं होतं. सगळ्या गुंड्या स्वतः लावल्या होत्या. एक काज चुकलं होतं, गळ्याकडची एक बाजू वर आणि खालची लोंबत. सगळी बस पाहणार होती.

मी पाहिलं. हात पिशवीच्या बंदाला घट्ट धरून ठेवले आणि म्हटलं, "चला, बस येईल."